कम्युनिटी कॉलेजचे कोर्स विद्यापीठात धरतात का? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो, सनीव्हेल भागातल्या मराठी घरांत मूल बारावीत गेलं की एक बेत हमखास कानावर पडतो: दोन वर्षं डी अँझा किंवा फूटहिल या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, काढायची आणि मग डेव्हिसच्या नाहीतर बर्कलीच्या विद्यापीठात ट्रान्सफर घ्यायची. पैशांचा हिशेब सरळ आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका सेमिस्टर युनिटचे, म्हणजे कोर्स मोजायच्या एका मापाचे, 46 डॉलर पडतात, आणि पदवी शेवटी विद्यापीठाचीच मिळते. मग पालक विचारतात, "पण इथले कोर्स तिकडे धरतात ना?"

धरतात. मात्र या 'धरतात'चे दोन अर्थ आहेत आणि ते वेळेवर कुणी समजावून सांगत नाही. विद्यापीठ कोर्सची क्रेडिट्स, म्हणजे ही युनिट्स, आपल्या दफ्तरी नोंदवून घेतं, हा पहिला. ती क्रेडिट्स तुमच्या मेजरच्या, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाच्या, अटीत बसतात, हा दुसरा. पहिलं झालं आणि दुसरं झालं नाही, तर कागदावर 60 युनिट्स दिसतात आणि स्टॅटिस्टिक्स मात्र पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. 2004 ते 2009 या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी 43 टक्के क्रेडिट्स वाया गेली, असा अंदाज अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2017 साली मांडला. त्यात खासगी संस्थांमधले विद्यार्थीही होते, पण सरकारी कॉलेजातून सरकारी कॉलेजात गेलेल्यांचंही नुकसान 37 टक्क्यांचं होतं. एवढी गळती का होते, हे कळायला हा सगळा डोलारा मुळात कुणी आणि कशासाठी उभा केला ते पाहावं लागतं.

1890च्या दशकात शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीची चार वर्षं मधोमध तोडली. पहिल्या दोन वर्षांना नाव पडलं ज्युनिअर कॉलेज, पुढच्या दोन वर्षांना सीनिअर कॉलेज. जर्मन विद्यापीठांचा आदर्श डोळ्यांसमोर होता. पहिली दोन वर्षं म्हणजे शाळेचंच वाढीव शिक्षण, ते दुसऱ्या कुणीतरी उरकावं आणि विद्यापीठाने संशोधनाकडे वळावं, असा तो विचार. शिकागोजवळच्या जोलिएट गावच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांना तो पटला. 1901 साली सहा विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी हायस्कूलच्याच इमारतीत कॉलेजच्या पातळीचे वर्ग सुरू केले. तेच आजचं जोलिएट ज्युनिअर कॉलेज, अमेरिकेत अजून चालू असलेलं सगळ्यात जुनं सरकारी ज्युनिअर कॉलेज.

ब्राऊन यांच्या पोरांना गाव न सोडता शिकता आलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण व्यवहार कसा ठरला तेही पाहायला हवं. शिकवणार गावातलं कॉलेज, आणि शिकवलेलं विद्यापीठाच्या तोलाचं आहे की नाही हे ठरवणार विद्यापीठ. माझ्या मते पुढच्या सव्वाशे वर्षांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ या वाटणीत आहे.

कॅलिफोर्नियाने ही कल्पना सगळ्यात आधी कायद्यात आणली. राज्याचे सिनेटर अँथनी कॅमिनेटी यांच्या 1907च्या कायद्याने हायस्कुलांना पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे वर्ग भरवायची मुभा दिली. 1910 मध्ये फ्रेझ्नोत पहिलं ज्युनिअर कॉलेज निघालं आणि 1921च्या कायद्याने या कॉलेजांना हायस्कूलपासून वेगळे, स्वतंत्र शिक्षण-जिल्हे मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या 1944च्या कायद्यामुळे कॉलेजांत झुंबड उडाली. 1947 साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केलं. नावाबरोबर कामही पसरलं: धंदेशिक्षण, प्रौढांचे संध्याकाळचे वर्ग, नव्याने आलेल्यांना इंग्रजी. ट्रान्सफर हे आता अनेक कामांपैकी एक झालं.

खरं वचन दिलं गेलं ते 1960 साली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियाचा उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन तयार झाला. हायस्कूलच्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी, वरच्या एक-तृतीयांश मुलांना राज्याची दुसरी विद्यापीठ-व्यवस्था, जिला आज सीएसयू म्हणतात, आणि कम्युनिटी कॉलेज मात्र सगळ्यांना खुलं. ही विभागणी आधीपेक्षा कडक होती. तोवर अंदाजे निम्मी मुलं सरळ या दुसऱ्या व्यवस्थेत, म्हणजे तेव्हाच्या स्टेट कॉलेजांत, जाऊ शकत, त्यांतल्या कित्येकांसाठी दार आता बंद झालं. त्याचा मोबदला म्हणून ट्रान्सफरचं दार ठेवलं गेलं, आणि नुसतं तोंडी नाही: विद्यापीठांनी पहिल्या दोन वर्षांत 40 आणि शेवटच्या दोन वर्षांत 60 टक्के विद्यार्थी ठेवावेत, म्हणजे तिसऱ्या वर्षी बाहेरून येणाऱ्यांना जागा राहील, असं प्रमाण आखून दिलं. मास्टर प्लॅनचं कौतुक करताना हा मोबदल्याचा भाग लोक गाळतात. ज्याला अठराव्या वर्षी नाकारलं त्याला विसाव्या वर्षी पुन्हा संधी द्यायची, हा त्यातला शब्द होता. ट्रान्सफर म्हणजे विद्यापीठाने दाखवलेली मेहेरबानी नव्हे.

पण जागा राखून ठेवल्या तरी कोर्सला कोर्स जुळवायचा कसा, हे त्या आराखड्याने सोडवलं नाही. प्रत्येक कॉलेजाने प्रत्येक विद्यापीठाशी, बऱ्याचदा एकेका विभागाशी, वेगळे करार करायचे. कम्युनिटी कॉलेजातल्या समुपदेशकाच्या टेबलावर या करारांच्या फाइली साठत गेल्या. त्याच 1960 साली समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून एक बोचरं निरीक्षण मांडलं: ही कॉलेजं पुष्कळ मुलांची पदवीची आशा हळूहळू, न दुखवता थंड करतात.

आपल्याकडची डिप्लोमाची वाट इथे आठवते. दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षं केली की महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिथे कुणी तुमचा एकेक पेपर तपासत नाही, अख्ख्या डिप्लोमाच्या बदल्यात पहिलं वर्ष माफ होतं. गणिताचे एम-वन, एम-टू हे पेपर न करता एम-थ्रीला बसणाऱ्या डिप्लोमावाल्यांची दमछाक होते, ती होतेच. तरी वर्ष वाया जाईल ही धास्ती नसते, कारण नियम एकेका कॉलेजाच्या मर्जीवर सोडलेला नाही.

अमेरिकेत असा राज्यव्यापी नियम पहिल्यांदा ठामपणे केला फ्लोरिडाने. 1971च्या करारानुसार दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतलेल्याला सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाची वाट मोकळी झाली, आणि त्याच दशकात राज्यभरच्या कोर्सना सारखे क्रमांक मिळाले. सारखा क्रमांक म्हणजे सारखा कोर्स. वाद तिथेच मिटतो.

कॅलिफोर्नियाला त्या टप्प्यावर यायला पन्नास वर्षं लागली. मधल्या काळात ठिगळं लावली गेली, पण ती उपयोगी होती हे मान्य करायला हवं. 1985 पासून 'असिस्ट' या संगणकीय यादीत कुठला कोर्स कुठे कशाच्या बदल्यात धरला जातो ते पाहता येऊ लागलं. पालकांनी आजही पहिल्यांदा तीच उघडावी, आणि मुलाने पहिल्या सत्राचे विषय निवडायच्या आधी उघडावी. 1991 मध्ये यूसी आणि सीएसयू दोन्हीकडे चालेल असा सामान्य विषयांचा एक संच ठरला. मेजरच्या विषयांचा गुंता तसाच राहिला. 2010 साली राज्य सिनेटर अॅलेक्स पडिया यांच्या विधेयकाने त्याला हात घातला: 60 युनिट्सची खास ट्रान्सफर पदवी पूर्ण करणाऱ्याला सीएसयूने प्रवेश द्यायचा, आणि त्याच विषयात पुढे शिकणाऱ्याकडून आणखी 60 पेक्षा जास्त युनिट्स मागायची नाहीत. या दुसऱ्या कलमात खरी ताकद आहे. क्रेडिट 'नोंदवून घेतलं पण उपयोगात आणलं नाही' ही पळवाट ते बंद करतं.

यूसीवर मात्र हे बंधन आलं नाही. यूसीच्या सहा कॅम्पसवर अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यात नाहीत, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांचा डोळा नेमका याच तिघांवर असतो. कम्प्युटर सायन्सचा हट्ट असेल तर हे आधीच माहीत हवं. कॅलिफोर्नियात सारख्या क्रमांकांचा कायदा 2021 साली झाला आणि त्याचे पहिले कोर्स 2025च्या शरद सत्रात वर्गांत पोचले. फ्लोरिडात एक पिढी शिकून आजी-आजोबा झाली, तेव्हा.

देशभराचं चित्र अजून कष्टी करणारं आहे. कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या दहांपैकी आठ जणांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते. सहा वर्षांत ती मिळते साधारण 16 टक्के जणांना. यात पैसा, नोकरी, घरची जबाबदारी सगळं आहे. पण वाया गेलेलं एक सत्र म्हणजे संध्याकाळी नोकरी करून शिकणाऱ्यासाठी शिक्षणच सुटण्याचं निमित्त असतं.

काही कॉलेजांनी आता दुसरी वाट धरली आहे: ट्रान्सफरच नको, पदवी आम्हीच देतो. कॅलिफोर्नियाने 2014 साली 15 कॉलेजांना प्रायोगिक तत्त्वावर आणि 2021 पासून कायमची ही परवानगी दिली. मुख्य अट अशी की ती पदवी यूसी किंवा सीएसयू देत नसावी. प्लुमस काउंटीत, जिथे 2021च्या डिक्सी वणव्याने ग्रीनव्हिल हे गावच जळालं, तिथल्या फेदर रिव्हर कॉलेजने वणवा व्यवस्थापनाची पदवी सुरू करायचं ठरवलं. सीएसयूने हरकत घेतली, कारण तसाच अभ्यासक्रम त्यांच्या हंबोल्ट कॅम्पसच्या योजनेत होता. फेदर रिव्हरहून हंबोल्ट गाठायला मोटारीने पाचेक तास लागतात.