मोफत आणि मुक्त: मुलांना घरी गाणं आणि इतिहास शिकवताना

नाशिकच्या मुक्त विद्यापीठात प्रवेश घ्यायचा तर फी भरावी लागते. त्याला मुक्त म्हणतात ते दार सगळ्यांना उघडं आहे म्हणून. उलट ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून मासुंदा तलावाचं पाणी बघायला एक पैसा लागत नाही, पण म्हणून त्या पाण्यात कुणी आपली नाव सोडू शकत नाही. रोजच्या व्यवहारात हा फरक आपल्याला नीट कळतो. इंटरनेटवर मात्र जे पैसे मागत नाही ते सगळं आपण 'फ्री' म्हणतो आणि तिथंच घोळ होतो.

मला हा फरक कळला तो घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत. दर रविवारी सकाळी क्लबहाउसात सहा मुलांना बसवून आम्ही दोघी-तिघी जणी भूप राग शिकवत होतो. आधार होता एका चॅनेलवरच्या हार्मोनियमच्या धड्यांचा. धडे फार छान होते. नवव्या रविवारी ते दिसेनासे झाले, कारण चॅनेलवाल्यांनी ते पैसे भरणाऱ्या सभासदांपुरते केले होते. त्यांची वस्तू, त्यांचा निर्णय. आमच्याकडे मात्र आठ आठवड्यांचं काहीच उरलं नाही, एक कागदसुद्धा नाही. पुढे गणपतीत मुलांनी जे म्हटलं त्याचा व्हिडिओ टाकला, तर मागे लावलेल्या गाण्यामुळे त्याचा आवाजच बंद करण्यात आला. मुलांचे चेहरे बघवत नव्हते.

मोफत म्हणजे मालकाने बघायची, ऐकायची परवानगी दिली आहे, आणि ती तो कधीही काढून घेऊ शकतो. मुक्त म्हणजे ती वस्तू उतरवून घ्यायची, छापायची, कापायची, बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची परवानगी आधीच देऊन ठेवलेली आहे, किंवा तिच्यावरचा हक्कच संपला आहे. यूट्यूबवर कुणी काही टाकलं आणि वेगळं काही निवडलं नाही, तर त्याला यूट्यूबचा नेहमीचा परवाना लागतो. तो मोफत आहे, मुक्त नाही. तिथेच शोधाच्या फिल्टरमध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स' असा पर्याय आहे. तो लावला की यादी एकदम आखूड होते, आणि उरतं ते मुक्त.

वस्तू मुक्त होण्याच्या वाटा दोन. एक म्हणजे काळ. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. ध्वनिमुद्रिकेला ती प्रसिद्ध झाल्यानंतरची ६० वर्षं. दुसरी वाट म्हणजे मालकाने आपणहून दिलेला परवाना. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत. 'बाय' म्हणजे नाव द्या आणि काहीही करा. 'एसए' म्हणजे तुम्ही जे घडवाल तेही याच अटीवर द्या. 'एनसी' म्हणजे त्यावर धंदा नको. 'एनडी' म्हणजे बदल करून वाटू नका.

ही शेवटची दोन अक्षरं मराठी आईबापांनी लक्षात ठेवावीत. भाषांतर हाही बदलच असतो. इंग्रजीतली सुंदर चित्रपुस्तिका एनडीखाली असेल, तर तिचा मराठी अनुवाद करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकता येत नाही. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे आणि तिथल्या गोष्टी 'सीसी बाय', म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'बाय' परवान्याखाली आहेत. भाषांतर करायची सोय त्याच पानावर दिलेली आहे, म्हणून तिथे मराठीत एवढ्या गोष्टी आल्या. बाहेरचं चांगलं साहित्य राजरोस मराठीत आणायचं आणि वाटायचं, तर बहुतेक वेळा ते मुक्त असावं लागतं. मला हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

एक भीती मात्र काढून टाका. आपल्या घरात आपल्या मुलासाठी एखादं पान छापलं तर कुणी दारात येत नाही. कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला आणि शिक्षकाने शिकवताना केलेल्या वापराला मोकळीक आहे. प्रश्न येतो तो वाटताना, नेटवर चढवताना, फी घेऊन वर्ग चालवताना.

आता गाणं. गाण्यात मुक्त साहित्य भरपूर आहे आणि त्याला वय लागत नाही. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे १९३६ साली गेले, म्हणजे त्यांच्या मूळ मराठी ग्रंथांवरचा हक्क १९९६ च्या अखेरीस संपला. दहा थाट, रागांची लक्षणं, शेकडो बंदिशी आणि खुणांची ती साधी स्वरलिपी: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब. आठ वर्षांचं मूल दोन रविवारांत ही लिपी वाचायला शिकतं. भूपाचे सा रे ग प ध शंभर वर्षांपूर्वी होते तेच आज आहेत, त्यामुळे जुनं पुस्तक म्हणून काही बिघडत नाही. फक्त त्याच ग्रंथाचं हिंदी भाषांतर हातात असेल, तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजावा लागतो.

गाण्यात सगळ्यात जास्त फसगत होते ती थरांमुळे. 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आलं. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली गेले. शब्द आणि चाल दोन्ही मुक्त झाले, तेव्हा तुमच्या मुलीने ते पद गाऊन नेटवर टाकलं तर तिच्या गाण्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. पण तेच पद अलीकडच्या गायकाने गायलेलं असेल तर ती ध्वनिमुद्रिका त्याची किंवा त्याच्या कंपनीची. गाणं मुक्त, रेकॉर्ड मोफत. गणपतीत आमचं चुकलं ते इथेच. बंदिश पारंपरिक होती म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण वाजवली होती ती नवी रेकॉर्ड.

जुन्या तबकड्या मुलांसाठी खास आहेत, कारण त्या तीन मिनिटांत संपतात. नोव्हेंबर १९०२ मध्ये गायिका गौहर जान यांनी कलकत्त्याला ध्वनिमुद्रण केलं आणि शेवटी मोठ्याने आपलं नाव सांगितलं, "माय नेम इज गौहर जान." आमच्या मुलांनी ते पंधरा वेळा ऐकलं. मग आपणहून विचारलं की नाव का सांगितलं. गाण्याचा तास इतिहासाचा झाला. गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्याही भारतात मुक्त आहेत.

मुक्त फाइल हातात असली की काय करता येतं ते पाहा. माझ्या मुलीचा सा काळी पाचला, म्हणजे उंच पट्टीत आहे आणि शिकवणारे बहुतेक बुवा काळी एक-दोनला गातात. यूट्यूबवर वेग कमी करता येतो, पट्टी बदलता येत नाही. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बदलतात, आणि ऑडॅसिटी स्वतः मोफतही आहे, मुक्तही. एक ओळ कापून ती दहा वेळा लागोपाठ लावायची, मूल तिच्या पट्टीत म्हणतं. हार्मोनियमशिवाय रियाझ होतो.

म्हणून मोफत टाकाऊ असं मात्र अजिबात नाही. बसायचं कसं, श्वास कुठे घ्यायचा, भाता किती ओढायचा, हे कागदावरून येत नाही. ते बघावं लागतं, आणि चांगले गुरुजी आज मोफत व्हिडिओंतच भेटतात. क्रोम म्युझिक लॅब ब्राउझरमध्ये उघडतं, नावनोंदणी लागत नाही, आणि आवाजाचा आलेख बघून मुलं थक्क होतात. प्रारंभिक-प्रवेशिकेची परीक्षा द्यायची असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचा अभ्यासक्रम बघून घ्यावा. मंडळाचं मोठं केंद्र वाशीतच आहे, तेव्हा नवी मुंबईकरांनी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावं.

इतिहासात चित्र पालटतं.

जे पुस्तक काळाच्या वाटेने मुक्त झालं, त्याचा लेखक जाऊन साठ वर्षं उलटलेली असतात. गोविंद सखाराम सरदेसाई १९५९ साली गेले आणि त्यांची 'मराठी रियासत' २०२० पासून मुक्त आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ सालीच गेले. ठाणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८२ चे. ही सगळी पुस्तकं अमोल आहेत, पण त्यानंतर झालेलं संशोधन त्यांत असणार कुठून? शिवाजी महाराजांचा जन्म बऱ्याच जुन्या पुस्तकांत १६२७ सालचा दिला आहे. पुढे जेधे शकावलीसारखी, म्हणजे जुन्या तारीखवार नोंदींची साधनं उजेडात आली, वाद झाले, आणि महाराष्ट्र शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. मुक्त पुस्तक उतरवून मुलाच्या हातात तसंच दिलं, तर ते शाळेत चुकीचं साल सांगून येईल. १८८२ चं गॅझेटियर तर राज्य करणाऱ्यांनी राज्य करण्यासाठी लिहिलेलं. त्यातल्या जातीजमातींच्या वर्णनांचा सूर मुलांपुढे ठेवण्याआधी आपण स्वतः वाचून बघायलाच हवा.

याउलट बालभारतीचं पुस्तक. पीडीएफ मोफत उतरवता येते, पण सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे आहेत, तसं पुस्तकात छापलेलंच असतं. चौथीचं 'शिवछत्रपती' कापून, बदलून, स्वतःची पुस्तिका करून तुम्ही वाटू शकत नाही. वाचायला मात्र तेच घ्यावं, कारण साल तिथे बरोबर आहे. म्हणून इतिहासाची कहाणी मी मोफत साहित्यातून सांगते आणि साधनं मुक्त साहित्यातून आणते. पत्र, नकाशा, चित्र, नाणं, यांना गाण्यासारखंच वय लागत नाही. त्यांचा अर्थ लावणारा जुना होतो, ती स्वतः होत नाहीत.

चित्रांच्या बाबतीत तर एकाच विषयाची दोन संग्रहालयं दोन तऱ्हेने वागतात. महाराजांचं सतराव्या शतकाच्या अखेरचं एक चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, एक ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. दोन्ही पडद्यावर मोफत दिसतात. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावरची छायाचित्रं एनसी आणि एसए अशा दोन अटींसह मिळतात, तर राइक्सम्युझियम आपल्या जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइल्स बिनशर्त देतं. फी घेऊन शिबिर चालवणाऱ्या ताईंनी कुठलं घ्यावं हे यावरून कळेल. गूगल आर्ट्स अँड कल्चरवर चित्र इतकं जवळून दिसतं की कुंचल्याचा फटकारा मोजता येतो, पण तिथला बहुतेक माल बघण्यापुरताच.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली आणि क्लीव्हलँडच्या संग्रहालयाने २०१९ साली आपल्या संग्रहातल्या हक्क संपलेल्या चित्रांच्या प्रतिमा पूर्ण मुक्त केल्या. त्यांत रागमालेची, म्हणजे राग-रागिण्यांना माणसांच्या रूपात दाखवणारी जुनी चित्रं आहेत, आणि माझे दोन्ही विषय इथे एकत्र येतात. तोडी रागिणी हातात वीणा घेऊन उभी असते आणि हरणं तिच्या भोवती येतात. आम्ही ती छापली, कोमल स्वर लिहायला खाली जागा सोडली, मुलांनी हरणं रंगवली. नंतर तोडी लावली तेव्हा सात वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "आत्ता आली हरणं." असा कागद करून तो दुसऱ्या सोसायटीला पाठवता आला, कारण मूळ चित्र मुक्त होतं.

ओळखायचं कसं? विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवान्याची चौकट असते, तिथे फारसं डोकं लावावं लागत नाही. इंटरनेट आर्काइव्हवर सावध राहावं. तिथे कुणीही काहीही चढवू शकतं, त्यामुळे तिथे सापडलं म्हणजे मुक्त, असं नाही. लेखक कधी गेला, रेकॉर्ड कधी निघाली, हे आपणच बघायचं. आणि 'फ्री डाउनलोड' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं, तर बहुधा ते मोफतच असतं. मुक्त देणारे परवान्याचं नाव लिहितात.

विकिमीडिया कॉमन्सवरच आमच्या गावचं एक चित्र आहे: १८५५ सालचा ठाण्याजवळचा लांबलचक रेल्वेपूल आणि त्यावरून जाणारी गाडी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढल्या वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले. आम्ही ते चित्र मोठं छापलं, सहा तुकडे केले, प्रत्येक मुलाला एक दिला, आणि सकाळी सातला कळव्याच्या पुलावर गेलो. तिथे तुकडे जुळवले. खालून भरतीचं पाणी जात होतं, बाजूच्या पुलावरून जलद लोकल गेली. एका मुलीने चित्रातल्या कमानी मोजायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी समोरच्या पुलाचे खांब.