आधी खोली, मग नकाशा : छोट्या होडीवरील स्वस्त उपकरणांचे विज्ञान

छोट्या होडीवर जागा, वीज आणि पैसा या तिन्ही गोष्टी मोजक्याच असतात, त्यामुळे कोणते उपकरण घ्यावे यापेक्षा कोणते आधी घ्यावे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. होडी चालवणाऱ्याला सतत दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात : आपण कुठे आहोत आणि आपल्या खाली पाणी किती आहे. पहिल्या प्रश्नाचे बऱ्यापैकी उत्तर आज खिशातला फोनही देतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र पाण्याला प्रत्यक्ष विचारल्याशिवाय मिळत नाही. म्हणून हातात थोडेच पैसे असतील, तर ते आधी खोलीमापकावर खर्च करावेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातही महागडे मॉडेल घेण्यापेक्षा साधेच घेऊन ते नीट बसवण्यात एक सुट्टी घालवलेली अधिक फायद्याची ठरते.

पूर्वी हे काम दोरी आणि शिसे करत असत. शिशाचा लांबट ओळंबा दोरीला बांधून पाण्यात सोडायचा आणि तळाला टेकला की दोरीवरच्या खुणा मोजायच्या. पसरलेल्या दोन हातांमधले अंतर म्हणजे आपल्याकडची वाव, आणि जगभरच्या खलाशांनी वापरलेले सहा फुटांचे माप मुळात हेच आहे. ओळंब्याच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचे तुकडे त्या चरबीला चिकटून वर येत, त्यामुळे खोलीबरोबर तळाची जातही कळत असे. आजचा स्वस्त खोलीमापक हे दुसरे काम इतक्या खात्रीने करत नाही.

खोलीमापकाचे तत्त्व सोपे आहे. ट्रान्सड्यूसर नावाच्या बोंडातील सिरॅमिकच्या चकतीला विजेचा झटका दिला की ती थरथरते आणि पाण्यात ध्वनीचा एक छोटा ठोका सोडते. तळावरून परत आलेला प्रतिध्वनी त्याच चकतीला हलवतो, त्या हलण्याने वीज निर्माण होते आणि मधला वेळ मोजून खोली काढली जाते. पाण्यातील ध्वनीचा वेग ज्याँ-दानिएल कोलादाँ आणि शार्ल स्टुर्म यांनी १८२६ साली जिनिव्हा सरोवरात मोजला होता. एका नावेवर पाण्याखाली घंटा वाजवली जाई आणि त्याच क्षणी वर दारू पेटवली जाई. दूरच्या नावेवर उजेड दिसणे आणि घंटा ऐकू येणे यांमधला वेळ नोंदवला जाई. त्यांना सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर हा वेग मिळाला. समुद्राच्या पाण्यासाठी ढोबळमानाने १,५०० मीटर हा आकडा धरतात. तळ तीन मीटर खाली असेल, तर ध्वनीची सहा मीटरची ये-जा अवघ्या चार सहस्रांश सेकंदात पूर्ण होते.

पाण्याचे तापमान आणि खारटपणा यांनुसार हा वेग बदलतो. थंड गोडे पाणी आणि उबदार खारे पाणी यांच्यात साधारण सहा टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे तीन मीटरला सुमारे अठरा सेंटीमीटर. बसवण्यातल्या चुकांमुळे आकडा याच्या कितीतरी पट चुकू शकतो, तेव्हा या बारकाव्याची काळजी करण्यात अर्थ नाही.

खरेदी करताना दोन आकडे पुढे केले जातात : कंपनसंख्या आणि शक्ती. कंपनसंख्या बहुधा ५० किंवा २०० किलोहर्ट्झ असते. २०० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेसात मिलिमीटर असल्याने त्याचा झोत अरुंद ठेवता येतो आणि तपशील चांगला मिळतो. मात्र पाणी तो लवकर शोषून घेते. ५० किलोहर्ट्झचा ध्वनी खोलवर जातो, पण त्याचा झोत सहसा रुंद असतो. उथळ पाण्यात फिरणाऱ्या होडीला २०० पुरेसा आहे. वीस अंशांचा झोत दहा मीटर खोलीवर तळाचा सुमारे साडेतीन मीटर व्यासाचा गोल पाहतो आणि उपकरण बहुधा त्या गोलातला सर्वांत जवळचा ठळक प्रतिध्वनी दाखवते. खोक्यावर छापलेल्या शेकडो वॉटना मात्र भुलू नये. तीस मीटरपर्यंतच्या पाण्यात त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

आता बसवण्याकडे वळू, कारण खरी गोम तिथेच आहे. होडीच्या तळाला भोक पाडून ट्रान्सड्यूसर थेट पाण्यात उतरवला तर संकेत उत्तम मिळतो, परंतु पाण्याच्या पातळीखाली भोक पाडण्याचे काम पहिल्यांदाच हत्यार हाती घेणाऱ्याने करू नये. मागच्या उभ्या फळीवर बाहेरून पट्टीने बसवणे सोपे असते. मोटरबोटीला तेच बरे. तिथे एकच पथ्य असते : बोंडाच्या पुढचे पाणी गुळगुळीत वाहत आले पाहिजे. पुढे रिव्हेटांची रांग, तळावरची आडवीतिडवी पट्टी किंवा पंख्याचा फेस असेल, तर वेग वाढताच पडद्यावरचे आकडे नाहीसे होतात.

फायबरग्लासच्या होडीसाठी मला तिसरी पद्धत आवडते. तिच्यात ट्रान्सड्यूसर आतल्या बाजूने तळाला चिकटवतात आणि ध्वनी फायबरग्लासमधूनच आरपार जातो. पाणी आणि घट्ट फायबरग्लास यांच्यातून ध्वनी थोडाफार क्षीण होऊन पलीकडे जातो. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर मात्र त्याची ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. याचा अर्थ असा की कागदाइतका पातळ हवेचा थरसुद्धा ध्वनीच्या दृष्टीने भिंत असतो. म्हणून ज्या होडीच्या तळात दोन थरांमध्ये फोम किंवा हलके लाकूड भरलेले असते, तिथे ही युक्ती चालत नाही. लाकडी तळातूनही ती भरवशाची नाही.

चिकटवण्याआधी एक सोपी परीक्षा करावी. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून त्यात ट्रान्सड्यूसर ठेवावा, पिशवीतली हवा पिळून काढून तोंड बांधावे आणि तळाचा ओला केलेला भाग निवडून त्यावर पिशवी दाबून धरावी. होडी पाण्यात उभी असताना आकडा स्थिर दिसला, तर जागा योग्य आहे. तो उड्या मारू लागला, तर पिशवी वीतभर सरकवून पुन्हा पाहावे. त्यानंतर तोच ट्रान्सड्यूसर बाजूने पाण्यात सोडून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. ही अर्ध्या तासाची उठाठेव पुढचा मोठा मनस्ताप वाचवते, कारण एकदा इपॉक्सीत, म्हणजे दोन द्रव मिसळून दगडासारखा घट्ट होणाऱ्या गोंदात, रुतलेले बोंड छिन्नीशिवाय निघत नाही.

जागा ठरली की तिथला रंग आणि तेलकटपणा घासून काढावा. सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी हळूहळू ढवळावे, जेणेकरून त्यात बुडबुडे अडकणार नाहीत. मग त्याचे डबके तळावर ओतून बोंड त्यात किंचित तिरके टेकवावे आणि फिरवत फिरवत खाली दाबावे. अशाने खालची हवा कडेने निसटते. थर जाड झाला तर इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि तडकते. ज्यांना ही धास्ती नको, त्यांनी तळावर प्लास्टिकच्या नळीचा उभा तुकडा चिकटवून त्यात तेल भरावे आणि बोंड त्या तेलात बुडते ठेवावे. बोंडाचे तोंड दोन्ही पद्धतींत सरळ खाली असावे. एक तोटा मान्य करायला हवा : बोंडात तापमापक असेल, तर तो पाण्याचे नव्हे, होडीच्या तळाचे तापमान दाखवतो.

यानंतरचा टप्पा पडद्यावरच्या शून्याचा. खोली कुठून मोजायची हे उपकरणाला सांगावे लागते. समजा, ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पृष्ठभागाखाली २० सेंटीमीटर आहे आणि कील, म्हणजे होडीचा सर्वांत खालचा भाग, पृष्ठभागाखाली ९० सेंटीमीटर आहे. ट्रान्सड्यूसरपासून तळ दीड मीटरवर असेल, तर पाण्याची खरी खोली १.७ मीटर आणि कीलखालचे पाणी केवळ ०.८ मीटर असते. एकाच जागेचे हे तीन आकडे असून तिन्ही खरे आहेत. कोणता पडद्यावर ठेवायचा हे सवयीवर अवलंबून आहे. मी पृष्ठभागापासूनची खोली पसंत करतो, कारण ती नकाशाशी ताडून पाहता येते. निवड कोणतीही असो, ती पडद्याशेजारी चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवावी. सुकाणू दुसऱ्याच्या हाती गेले की ही चिठ्ठी कामी येते. दोरीला वजन बांधून एकदा खोली मोजली, की आकड्याची खातरजमाही होते.

खोलीमापकाचा एक जुना खोडसाळपणाही ओळखून ठेवायला हवा. उथळ आणि कठीण तळावर प्रतिध्वनी वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो आणि दुसऱ्यांदा परततो. ठोका सोडल्यानंतर चकती काही क्षण थरथरत राहत असल्याने फारच उथळ पाण्यात पहिला प्रतिध्वनी त्या थरथरीत हरवतो, उपकरण दुसरा पकडते आणि अर्धा मीटर पाणी असताना एक मीटर दाखवते. उथळ होत चाललेला आकडा अचानक दुप्पट झाला, तर खोल पाणी लागले असे समजून वेग वाढवणे धोक्याचे असते. शिवाय हे यंत्र फक्त खाली पाहते. पाच नॉट वेगाने होडी सेकंदाला सुमारे अडीच मीटर पुढे जाते, आणि समोर उभ्या कड्याचा खडक असेल तर आकडा बदलेपर्यंत उशीर झालेला असतो.

पुढे काय आहे हे सांगण्याचे काम नकाशाचे आहे, आणि नकाशावरची आपली जागा दाखवण्याचे काम जीपीएसचे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह आपल्या अणुघड्याळांची वेळ सतत प्रसारित करतात; तो संकेत साधारण ०.०७ सेकंदात पोहोचतो. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकते. ग्राहकयंत्रात अणुघड्याळ नसल्याने त्याच्या घड्याळाची चूक हीसुद्धा एक अज्ञात राशी धरतात आणि म्हणून तीनऐवजी किमान चार उपग्रह लागतात. नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये बंद केली. तेव्हापासून साध्या यंत्रालाही उघड्या आकाशाखाली काही मीटरांपर्यंतची अचूकता मिळते, आणि फोन व महागडे यंत्र यांच्यात या बाबतीत फारसा फरक उरलेला नाही.

फरक आहे तो इतरत्र. ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही, उन्हात तो तापून मंदावतो, आणि ध्रुवित काचांचा गॉगल घालून एका विशिष्ट कोनातून पाहिले तर काही पडदे साफ काळे दिसतात. फोनमधल्या जीपीएसला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, पण नकाशे आधीच उतरवून ठेवलेले असावे लागतात. जलरोधक पेटी, चार्जिंगची कायमची जोडणी आणि ओपनसीपीएनसारखे सागरी नकाशे दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर चालवणारा जुना लॅपटॉप किंवा टॅबलेट एवढ्यावर बराच प्रवास होऊ शकतो. ज्यांना उघड्यावर बसून सुकाणू धरायचे आहे, त्यांनी पाच इंची का होईना, पण खास होडीसाठी बनवलेला प्लॉटर, म्हणजे नकाशावर आपली जागा दाखवणारे यंत्र, घ्यावा. कित्येक स्वस्त प्लॉटरांत खोलीमापकही अंतर्भूत असतो.

या साखळीतला कच्चा दुवा उपग्रह नसून नकाशा आहे. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी जागतिक शर्यतीतली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही अद्ययावत शिडाची नौका हिंदी महासागरातील कार्गादोस काराजोस या प्रवाळबेटांच्या कडेवर रात्री आदळली. आपण कुठे आहोत हे तिला ठाऊक होते. पण पडद्यावरचा नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला गेला नव्हता आणि दूरच्या दृश्यात त्या कडेचा धोका स्पष्ट दिसत नव्हता. याच्या उलट, नकाशा वाटेल तितका मोठा करता येतो म्हणून तो तितका अचूक ठरत नाही. काही भागांतील मोजण्या अजूनही शिसे आणि दोरीच्या काळातल्या आहेत.

वायरिंगबद्दल थोडक्यात सांगायचे तर फ्यूज यंत्राजवळ नव्हे, बॅटरीजवळ असावा, कारण तो वायरचे रक्षण करण्यासाठी असतो. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची आणि पुरेशी जाड घ्यावी. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरमधून पाच अँपिअर वीज पाच मीटर जाऊन परत येताना सुमारे एक तृतीयांश व्होल्ट खर्च होतो. बारीक वायरमध्ये इंजिन सुरू करताच यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होताना दिसते. ट्रान्सड्यूसरची वायर इंजिनाच्या वायरींपासून दूर न्यावी आणि जास्तीची लांबी न कापता गुंडाळून ठेवावी. चुंबकीय होकायंत्राशेजारून जाणाऱ्या विजेच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना बहुतांशी मारून टाकतात. शेवटी एकेक यंत्र सुरू-बंद करत सुईकडे पाहावे; ती हलली तर ते यंत्र हलवावे. होकायंत्र काढून टाकू नये, कारण जीपीएस फक्त सरकण्याची दिशा सांगतो आणि थांबलेल्या होडीचे तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही.

सगळे बसवून झाल्यावर परिचित, सपाट तळाच्या पाण्यात फेरी मारावी. नकाशावरची खोली सामान्यतः ओहोटीच्या नीच पातळीपासून मोजलेली असते, त्यामुळे खोलीमापकाच्या पृष्ठभागापासूनच्या आकड्यातून नकाशाचा आकडा वजा केला की त्या वेळची भरतीची उंची उरायला हवी. ती भरतीच्या कोष्टकाशी जुळली, तर तिन्ही गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात. तफावत सगळीकडे आणि दर फेरीला सारखीच आली, तर शून्याचा आकडा चुकीचा भरलेला आहे. एकाच ठिकाणी आली, तर तिथला तळ सरकला आहे किंवा नकाशा जुना आहे. आणि वेगाबरोबर वाढत गेली, तर पुन्हा ट्रान्सड्यूसरखालचे बुडबुडे शोधावे लागतात.