कानाचं मशीन लपवायचा सोस कुठून आला

हल्ली कानाच्या मशीनची जाहिरात बघा, मोठ्या अक्षरात हेच असतं की कोणाला दिसणारसुद्धा नाही. गर्दीत शब्द कळतील का, बॅटरी किती दिवस जाईल, हे सगळं नंतर. चष्मा असा लपवून विकत नाहीत. मी स्वतः बरीच वर्षं मशीन वापरते आणि मला हे फार खटकतं, म्हणून जरा मागे जाऊन लिहितेय, कारण ही लपवालपवी दोनशे वर्षं जुनी आहे.

वीज नव्हती तेव्हा होता कर्णा. एक तोंड रुंद, दुसरं निमुळतं, निमुळतं कानात धरायचं. त्याने आवाज वाढायचा साधारण १० ते २० डेसिबल (आवाज मोजायचं एकक), तोही समोरचा माणूस जवळ येऊन कर्ण्यात बोलला तर. ज्याला फारच कमी ऐकू येतं त्याचं यावर भागत नाही. ऐकू येणं कमी होत गेलेला जर्मन संगीतकार बीथोव्हेन, त्याला मेल्झेलने (मेट्रोनोम, म्हणजे संगीताचा ताल धरून टिकटिकणारं यंत्र, विकणारा कारागीर) धातूचे कर्णे करून दिले होते, ते आज जर्मनीत बॉनला त्याच्या जन्मघरातल्या म्युझियममध्ये आहेत, पण १८१८ पासून तो वह्यांवर आला. समोरच्याने लिहायचं आणि याने तोंडी उत्तर द्यायचं, त्यामुळे त्या वह्यांमध्ये बहुतेक इतरांचंच बोलणं शिल्लक आहे, त्याचं स्वतःचं फार कमी. हे वाचलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं.

लंडनमध्ये फ्रेडरिक रेनने एकोणिसाव्या शतकात कर्णे बनवून विकायला सुरुवात केली आणि लपवायची खरी कारागिरी याच काळात बहरली. हातपंख्यात कर्णा, काठीच्या मुठीत कर्णा, टोपीत, हेअरबँडमध्ये, टेबलावरच्या फुलदाणीत. पोर्तुगालचा राजा सहावा जॉन याच्यासाठी तर सिंहासनच बनवलं, हात टेकायच्या जागी जबडा उघडलेले सिंह, आत पोकळ नळ्या, दरबाऱ्याने गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलायचं आणि आवाज नळीतून राजाच्या कानाशी. राजा असल्यामुळे लोक वाकले, बाकीच्यांसाठी कोण वाकणार?

म्हणून हॅरिएट मार्टिनो ही इंग्लिश लेखिका मला फार जवळची वाटते. लहानपणापासूनच तिला कमी ऐकू यायचं, ती चारचौघांत कर्णा घेऊन बसायची, आणि १८३४ मध्ये तिने कमी ऐकू येणाऱ्यांना उद्देशून एक जाहीर पत्रच लिहिलं. त्या काळी एका बाईने स्वतःच्या बहिरेपणाबद्दल इतकं उघड लिहिणं ही लहान गोष्ट नाही.

पुढे वीज आली. अमेरिकेत मिलर रीस हचिसनने १९०० च्या आसपास कार्बन मायक्रोफोनवर चालणारं यंत्र काढलं, इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्रानेही ते वापरलं, पण त्यात खरखर भरपूर. मग व्हॉल्व्हची (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांची) मशीन्स आली, आवाज चांगला पण बॅटऱ्या जड, त्या कंबरेला बांधून वायरी कपड्यांखालून घ्यायच्या. ब्रिटनमध्ये १९४८ ला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा मेड्रेस्को नावाचं असलंच अंगावर बाळगायचं मशीन लोकांना फुकट मिळायला लागलं, माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं पाऊल, कारण तोवर चांगलं ऐकणं ही पैसेवाल्यांचीच गोष्ट होती.

व्हॉल्व्हचंच काम करणारा पण अगदी छोटा भाग म्हणजे ट्रान्झिस्टर, त्याचा शोध १९४७ चा, आणि १९५२-५३ मध्ये तो बाजारात आला तो कानाच्या मशीनमधूनच, रेडिओच्या आधी. मशीन एकदम लहान झालं आणि लगेच कुठे गेलं, तर चष्म्याच्या काडीत! म्हणजे परत लपवणं आलंच.

आपल्याकडे घराघरांत माहीत असलेलं मशीन म्हणजे पॉकेट मॉडेल, शर्टाच्या खिशात डबी, वायर, कानात बटण. १९८१ पासूनच्या केंद्राच्या एडिप योजनेत (अपंगांना साधनं द्यायची सरकारी योजना) शिबिरांमधून अशी मशीन्स खूप वाटली गेली, आता कानामागची डिजिटल देतात. पॉकेटवाल्याला आता सगळे नाकं मुरडतात, आणि त्याचे त्रास आहेतच, कापड घासलं की खरखर, माइक छातीशी, वायर तुटते. पण माइक आणि कानातलं बटण लांब लांब असल्यामुळे आवाज बराच वाढवला तरी शिट्टी (बटणातला आवाज परत माइकमध्ये शिरला की वाजते ती) कमी वाजते, नॉब मोठा असल्यामुळे थरथरत्या बोटांनाही फिरवता येतो, आणि पेन्सिल सेल गावातल्या किराणा दुकानात मिळतो, कानामागच्या मशीनचा बटण सेल संपला तर तालुक्याला जावं लागू शकतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी मशीन घ्यायला जाल तेव्हा हेही कानाला लावून बघू द्या, आणि कुठल्यात जास्त कळतं ते त्यांनाच विचारा.