प्रायश्चित्ताचा दिवस (ख्रिस्ती प्रतीकार्थ)

प्राचीन इस्राएली लोकांच्या वर्षातला सर्वांत गंभीर दिवस. हिब्रू नाव योम किप्पूर. तिश्री महिन्याच्या 10 तारखेला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तो येतो. बायबलमधील 'लेवीय' या ग्रंथाच्या 16व्या अध्यायात त्याचा विधी दिला आहे. येशूच्या मरणाचा अर्थ लावताना आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी वल्हांडणाच्या (मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या) कोकराइतकाच या विधीचाही आधार घेतला.

निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या फिरत्या तंबूच्या, आणि पुढे यरुशलेमच्या मंदिराच्या, अगदी आतल्या भागाला परमपवित्रस्थान म्हणत. मधल्या पडद्याला मराठी बायबलात 'अंतरपट' हा लग्नातला ओळखीचा शब्द वापरला आहे. फरक एवढाच, की हा अंतरपट कधी दूर होत नसे. त्याच्या आत वर्षातून फक्त याच दिवशी, फक्त प्रमुख याजक जाई. एरवीची भरजरी वस्त्रे उतरवून, स्नान करून तो साधी लिननची वस्त्रे घाली. आधी स्वतःच्या व आपल्या घराण्याच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पण करी. मग धूप घेऊन आत जाई. धुपाच्या ढगाने कराराच्या कोशावरचे, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरचे, झाकण झाकले जावे, नाहीतर तो मरेल, अशी ताकीदच आहे. हे झाकण शुद्ध सोन्याचे, अडीच हात लांब व दीड हात रुंद, त्यावर पंख पसरलेले दोन करूब, म्हणजे स्वर्गीय प्राणी. त्याच्यावर आणि त्याच्यासमोर तो बोटाने रक्त शिंपडी.

लोकांसाठी दोन बकरे आणत. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी व दुसरा 'अजाजेला'साठी ठरे. पहिला मारला जाई आणि त्याचे रक्त आत नेले जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजक सर्व इस्राएलाचे अपराध कबूल करी आणि त्या बकऱ्याला रानात सोडून देत. अजाजेल म्हणजे रानातले भूत, एखादे ठिकाण, की 'निघून जाणारा बकरा', यावर एकमत नाही. मराठीत आपण 'बळीचा बकरा' म्हणतो तेव्हा या दोघांची सरमिसळ होते, कारण लोकांची पापे वाहून नेणारा बकरा मूळ विधीत बळी जातच नाही. पुन्हा बांधलेल्या दुसऱ्या मंदिराच्या काळात मात्र त्याला कड्यावरून ढकलत, असे मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात नोंदले आहे. त्याच्या शिंगांना लाल लोकर बांधत. दोन्ही बकरे दिसायला, उंचीला आणि किमतीला सारखे असावेत, असाही दंडक होता.

'प्रायश्चित्त' हा मराठी शब्दही थोडा फसवा आहे. आपल्याकडे प्रायश्चित्त घ्यायचे ते चुकलेल्याने स्वतः. इथे लोकांनी उपास करायचा आणि काम थांबवायचे, पण मुख्य कृती त्यांच्या वतीने याजकाची. शिवाय रक्त शिंपडले जाई ते माणसांवर नव्हे, पवित्रस्थानावर. लोकांच्या पापांनी देवाचे घर विटाळते आणि वर्षातून एकदा ते शुद्ध करावे लागते, हा त्यामागचा विचार.

ख्रिस्ती अर्थाची सर्वांत विस्तृत मांडणी नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात आहे. तिथे येशू एकाच वेळी याजक आणि अर्पण ठरतो. याजक दरवर्षी दुसऱ्याचे रक्त घेऊन आत जाई, ख्रिस्त स्वतःचे रक्त घेऊन स्वर्गातल्या पवित्रस्थानात एकदाच गेला, असा युक्तिवाद. जुना विधी ही 'छाया', खरी वस्तू पुढे येणार होती. याजक लेवीच्या वंशातले असत, येशू मात्र यहूदाच्या वंशातला. त्यामुळे त्याला याजक म्हणायचे कसे, ही अडचण लेखक लेवीच्याही आधीचा याजक-राजा मलकीसदेक याचा दाखला देऊन सोडवतो. गोऱ्ह्याची व पहिल्या बकऱ्याची शरीरे छावणीबाहेर जाळत, तसे येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसले, हा तपशीलही तो सोडत नाही. रानात सोडलेल्या बकऱ्याबद्दल मात्र तो चकार शब्द काढत नाही.

येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस पत्रात (3:25) येशूसाठी जो ग्रीक शब्द वापरला, तोच हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात कोशावरच्या झाकणासाठी आहे. मराठी बायबलात त्या झाकणाला 'दयासन' म्हणतात. पौलाला नेमके दयासनच म्हणायचे होते की नुसते प्रायश्चित्ताचे साधन, यावर अभ्यासकांत वाद आहे. येशू मरताना मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, हे मत्तय व मार्क सांगतात. इब्री पत्र तर पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देह असेच म्हणते.

दुसऱ्या बकऱ्याची कसर नंतरच्यांनी भरून काढली. बर्णबाच्या नावाने चालणाऱ्या पत्रात शापित बकरा, त्याच्यावर थुंकणे, लाल लोकर हे सारे येशूच्या विटंबनेशी जोडले आहे. बकरे सारखे का? तर परत येणारा ख्रिस्त हिणवलेलाच आहे हे ओळखता यावे म्हणून. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिनने दोन बकऱ्यांत ख्रिस्ताची दोन आगमने पाहिली. ही जुळवाजुळव कल्पक आहे, पण थोडी ओढूनताणूनही. येशूला क्रुसावर दिले ते वल्हांडणाच्या सुमारास, वसंतात. शरद ऋतूतला हा दिवस तिथे अर्थासाठी मुद्दाम आणलेला आहे.

विल्यम होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराने 1854 मध्ये मृत समुद्राच्या काठी जाऊन शिंगांना लाल पट्टी बांधलेला थकलेला बकरा रंगवला. चौकटीवर लेवीय आणि यशया या दोन्ही ग्रंथांतली वचने कोरली.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि बकऱ्यांचा विधी संपला. यहुदी परंपरेत त्याची जागा उपास, पश्चात्ताप आणि प्रार्थनेने घेतली. प्रमुख याजकाच्या त्या दिवसाचे वर्णन आजही सिनेगॉगमधल्या प्रार्थनेत येते. कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल (शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत), हा दिवस घराची दारे लावून उपासात घालवत. त्यांच्यात सणाचे नावही दार बंद करण्यावरूनच पडले होते.