बुद्ध्यंकाचा भागाकार: पॅरिस, धारवाड, कोल्हापूर

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मुलाला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न 'आयक्यू (बुद्ध्यंक) किती?' हाच असतो. हा आकडा मुळात एक भागाकार आहे.

फ्रान्समध्ये १८८२ साली शिक्षण सक्तीचं झालं. सगळीच पोरं वर्गात आली, तेव्हा मागे पडणारी ओळखायची कशी हा प्रश्न उभा राहिला. पॅरिसच्या बिने आणि सिमोन यांनी १९०५ मध्ये बुद्धीची चाचणी तयार केली, १९०८ मध्ये तिला वयाचे टप्पे दिले. मानसिक वयाला (चाचणीत मूल ज्या वयाच्या टप्प्यापर्यंत पोचतं ते) प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्न यांची, १९१२ची. शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते १९१७ साली. आपल्या बोलीतली चाचणी मात्र १९३०च्या दशकात, धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांच्या हातून आली. त्यांनी ती कन्नड आणि मराठी अशा दोन्ही मुलांवर बेतली, म्हणून सीमाभागाला ती सोयीची. ही बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे.

दहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यात सहा प्रश्न, प्रत्येकी दोन महिने. समजा, मुलगा आठ वर्षांचा आहे. चौथ्या वर्षाचे सगळे प्रश्न सुटले (४८ महिने), पाचव्याचे पाच, सहाव्याचे तीन, सातव्याचा एक, आठव्याचा एकही नाही. मानसिक वय ६६ महिने. ६६ भागिले ९६, त्याला शंभराने गुणलं की बुद्ध्यंक ६९. आता शाळेच्या दाखल्यावर सोयीची 'एक जून' तारीख असेल आणि पोरगं खरं साडेसात वर्षांचंच असेल, तर ६६ भागिले ९०, म्हणजे ७३. बौद्धिक अक्षमता ठरवणारी सत्तरची रेघ मधेच! म्हणून जन्मनोंद सोबत न्यावी, दाखल्यावर विसंबू नये.

दुसरा दोष जुन्या मानकांचा. पिढीगणिक मुलांचे गुण वाढत गेले, त्यामुळे जुन्या मोजपट्टीवर आजचं मूल आहे त्याहून हुशार दिसतं आणि गरजू मूल निसटतं. मोठ्यांना तर हा भागाकार लागूच पडत नाही; मानसिक वय वाढायचं थांबतं, खरं वय थांबत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांनी १९३९ मध्ये तो भागाकार सोडून समवयस्कांशी तुलना धरली.

नुसत्या बुद्ध्यंकावर बौद्धिक अक्षमतेचं निदान होत नाही, मुलाचे रोजचे व्यवहारही तपासतात. त्यासाठी डॉल यांची १९३५ची व्हाईनलँड श्रेणी. तिचं ८९ प्रश्नांचं भारतीय रूप नागपूरला मालिन यांनी केलं. उत्तरं बहुधा आई देते. 'बटणं लावतो का?' विचारलं की 'मीच लावते, उशीर होतो' असं उत्तर येतं. हे 'येत नाही'मध्ये धरायचं नसतं. 'संधी मिळाली नाही' अशी वेगळी नोंद असते. घाईत तीच राहून जाते.