फळीवरून उठलेली पाठ

१९८०च्या दशकात वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बाबांची कंबर धरली, तेव्हा पलंगावरची गादी काढून लाकडी फळी टाकली होती. पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली दोन-दोन विटा, कमरेला जाड कापडाचा पट्टा, त्याच्या दोऱ्या कप्पीवरून खाली सोडलेल्या आणि टोकाला वाळूच्या पिशव्या. सहा आठवडे उठायचं नाही, असं बजावलेलं. आई भांडंसुद्धा पलंगावरच द्यायची. सहा आठवड्यांनी बाबा उठले, तेव्हा मांड्या वाळून काठीसारख्या झाल्या होत्या. पायातली कळ मात्र तशीच होती. ती पुढे चार-पाच महिन्यांत हळूहळू गेली.

गेल्या वर्षी मला तेच दुखणं झालं. ‘एल फोर, एल फाइव्ह, गादी सरकलीय,’ म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकलीय, असं सांगून डॉक्टर म्हणाले, ‘फारच दुखलं तर एक-दोन दिवस पडा, मग कमाटी बागेत चालायला लागा.’ एकाच घरात, एकाच दुखण्यावर दोन अगदी उलटे सल्ले. हा उलटा फेरा कसा झाला, ते समजून घ्यावंसं वाटलं.

दुखणं जुनंच. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायचा, हे आजीच्या पिढीला ठाऊक होतं. आयुर्वेदात कमरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेला गृध्रसी म्हणतात. माणूस गिधाडासारखा चालतो म्हणून हे नाव, असा त्याचा अर्थ सांगतात. तिकडे हिप्पोक्रेटिसच्या काळात रुग्णाला फळीवर बांधून ताणत असत. आमच्या घरातल्या वाळूच्या पिशव्या त्याच घराण्यातल्या. १७६४ मध्ये इटलीतल्या दोमेनिको कोतुन्यो यांनी सायटिका, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी हीच कळ, हे शिरेचं दुखणं आहे असं मांडलं. पण शीर कशाने दबते, ते कळायला आणखी १७० वर्षं गेली.

१९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी दाखवून दिलं, की दोन मणक्यांमधली चकती फाटून आतला मऊ गर बाहेर येतो आणि शिरेवर दाब देतो. शोध खरा आणि मोठाच होता. पण त्यानंतर कंबर कशानेही दुखली तरी बोट चकतीकडेच जाऊ लागलं. शस्त्रक्रिया नको असेल तर उरायची ती फळी आणि वजनं.

त्याच्या बरंच आधी वडोदऱ्यात वेगळाच विचार चालू होता, आणि मला त्याचा अभिमान आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिरातले राजरत्न माणिकराव आखाडा चालवायचे आणि हाडं बसवण्यासाठीही त्यांची ख्याती होती. जवळच्याच डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शिकले. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद. १९२०च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते तपासलं. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं. ते प्रयोग मणक्यावर नव्हते. तरी योगाची उपकरणांनी परीक्षा घ्यायची, ही सवय इथे लागली.

पुढे व्यायामाचे दोन पंथ झाले. १९३७ मध्ये अमेरिकेत पॉल विल्यम्स यांनी गुडघे पोटाशी घ्यायचे, पुढे वाकायचे व्यायाम सांगितले. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनला फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचा एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर पालथा झोपला. पाच-दहा मिनिटांनी पाहतात तर पायातली कळ गेलेली! एकाचं पवनमुक्तासन, दुसऱ्याचं भुजंगासन म्हणा ना. सगळ्यांना एकच मानवत नाही, म्हणून कोणाला काय मानवतं ते नीट शिकलेला फिजिओथेरपिस्ट आजही आधी तपासून पाहतो.

मधे एक औषध पपईतून आलं. पपईच्या चिकातलं कायमोपॅपेन चकतीत टोचलं की गर विरघळतो. १९६०च्या दशकात लायमन स्मिथ यांनी ते माणसांवर वापरलं, १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. काहींना जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली आणि २००३ मध्ये तिथली विक्री थांबली. मणक्यातली स्टिरॉइडची इंजेक्शनं मात्र टिकली. पायातल्या कळेला त्यांनी थोडे दिवस आराम पडतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

फळीला खरा धक्का १९८६ मध्ये बसला. साध्या कंबरदुखीत दोन दिवस पडून राहणारे आणि सात दिवस पडून राहणारे सारखेच बरे होतात, असं डेयो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. सात दिवसवाल्यांचे कामाचे दिवस तेवढे जास्त बुडाले. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या रुग्णांवरही दोन आठवड्यांच्या विश्रांतीचा वेगळा फायदा दिसला नाही. १९९४ मध्ये तर कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचं एमआरआय केलं, तेव्हा ५२ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या! रिपोर्टमध्ये ‘गॅप’ वाचून रात्रभर जागणाऱ्यांना हा आकडा कोणीतरी सांगायला हवा. मला कोणी सांगितला नव्हता.

बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेतं. बाबांची कळ बहुधा अशीच गेली, आणि श्रेय मिळालं वाळूच्या पिशव्यांना. २०१६ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन, म्हणजे असा वजनांचा ताण, आणि पट्टा देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. २०१७ मध्ये अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेने जुनाट कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी सुचवलेल्या उपायांत व्यायामाबरोबर योगही घेतला.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागेची संवेदना गेली, पाऊल उचलेनासं झालं, तर मात्र ना चालणं ना आसनं. त्याच दिवशी, रात्र असली तरी, सयाजी हॉस्पिटल गाठायचं. तिथे तासांचा हिशोब असतो, आणि शस्त्रक्रियाच पाय वाचवते.