अभयारण्यातील निसर्ग शिक्षण केंद्र : बांधकामापूर्वी ग्राहकांसाठी माहिती

सागरेश्वर अभयारण्यात किंवा कोयना-चांदोलीच्या कडेला निसर्ग शिक्षण केंद्र बांधायचे ठरले, की पहिली बैठक बहुधा छपरावरच्या सौर पॅनेलपासून सुरू होते. आमच्या मते ती जागेपासून सुरू व्हावी. इमारत पाणवठ्याच्या वाटेवर उभी राहिली, तर पुढची कोणतीही बचत ते नुकसान भरून काढत नाही. म्हणून आम्ही आराखड्याआधी वनरक्षकांबरोबर फिरून सांबर-चितळांच्या खुरांच्या वाटा नकाशावर उतरवून घेतो आणि जुना चौथरा किंवा पडीक चौकी उपलब्ध असेल, तर नवी जमीन न उकरता त्यावरच बांधण्याचा आग्रह धरतो.

इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आखूड भिंतींवरच पडते. दक्षिणेला पडवी हवी हे सर्वांना ठाऊक असते; मात्र साधारण १० मेपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्याकडे डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडक्यांनाही पागोळी लागते. भिंतीसाठी सांगलीकडे काळा दगड आणि पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला जांभा, असे जवळचे साहित्य घ्यावे. विटाच वापरायच्या असतील, तर त्या उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवल्यास सुमारे पाव भाग विटा वाचतात आणि खोलीही कमी तापते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०,००० लिटर पाणी मिळते. उडालेले, वाहून गेलेले आणि पहिल्या सरीचे मुद्दाम सोडून दिलेले पाणी वजा जाता ४०,००० लिटर उरते, असे धरावे. रोज ४० मुले आणि प्रत्येकी १० लिटर, तर हे १०० दिवस पुरते; मात्र तेवढी टाकी जमिनीखाली बसवण्याचा खर्च आधीच धरावा लागतो. कोयनानगरसारख्या अतिपावसाच्या भागात प्रश्न उलटा असतो. तिथे साठवणीपेक्षा उतरते छप्पर, उंच जोते आणि ओल न धरणारी भिंत महत्त्वाची. हात धुतलेले पाणी दोन्हीकडे कर्दळीच्या वाफ्यात सोडता येते.

एक चूक आमचीही सांगतो. सुरुवातीच्या एका कामात आम्ही देखाव्यासाठी मोठी अखंड काच बसवली. महिन्याभरात तिच्यावर पंखांच्या धुळीचे दोन ठसे उमटले आणि खाली बुलबुल पडलेला सापडला. तेव्हापासून आम्ही लहान तावदाने आणि बाहेरून जाळी लावतो. रात्रीचे दिवेही पिवळसर, खाली तोंड केलेले आणि माणूस नसताना बंद होणारे असतात, कारण पांढऱ्या दिव्यावर किडे फार येतात.

पहिल्या भेटीला येताना वनविभागाच्या परवानगीचा कागद किंवा जागा अभयारण्याबाहेर असल्यास सातबारा, रोज येणाऱ्या मुलांचा अंदाज आणि जागेची छायाचित्रे आणावीत. छायाचित्रे शक्य तर मे महिन्यातली असावीत.